नाटक नाही, बाहेरची हवाही नाही: डिसोसिएटिव्ह विकार ओळखायचे कसे, दाखवायचे कुठे आणि घरी करायचं काय

संध्याकाळी घरातली मुलगी अचानक खाली बसते, डोळे मिटते, दातखीळ बसते, हातपाय झाडायला लागते. इंदूरच्या मराठी घरात पुढच्या तासाभरात याची तीन निदानं होतात. शेजारच्या भाभी म्हणतात, 'बाहर की हवा लगी है.' काका म्हणतात, 'परीक्षा आली की बरं सुचतं हिला हे.' रात्री कॅज्युअल्टीतला डॉक्टर रिपोर्ट चाळून म्हणतो, 'सब नॉर्मल है, टेन्शन मत दो.' तिसरं वाक्य पहिल्या दोन्हींपेक्षा बरं, पण अर्धवट. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून त्रास खोटा ठरत नाही, आणि टेन्शन देऊ नका म्हणजे नेमकं काय करा, हे कुणी सांगत नाही.

केसपेपरवर मग 'डिसोसिएटिव्ह डिसऑर्डर', 'कन्व्हर्जन' किंवा नुसतंच 'एफ ४४' लिहिलेलं असतं. काही जुने डॉक्टर अजून 'हिस्टेरिया' म्हणतात. तो शब्द वर्गीकरणातून गेला, तोंडातून गेलेला नाही. एफ ४४ हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या यादीतला क्रमांक. तिची पुढची आवृत्ती, आयसीडी-११, २०२२ पासून लागू झाली. या दोन्ही याद्या झटके आणि लुळेपणा यांना डिसोसिएटिव्ह विकारांतच धरतात. अमेरिकेची मनोविकारांची यादी, २०१३ची डीएसएम-५, मात्र त्यांना वेगळ्या खणात टाकते. म्हणून मोबाइलवर अमेरिकी माहिती वाचली की आपल्या मुलीचा त्रास तिथे सापडतच नाही आणि डॉक्टर चुकले असं वाटायला लागतं. ते चुकलेले नसतात, खण वेगळे आहेत एवढंच.

नेमकं काय सुटतं

आठवण, भान, शरीराची हालचाल आणि 'हा मी' ही जाणीव एरवी एकमेकांत विणलेली चालतात. पेलवणार नाही इतका ताण, भीती किंवा जुना आघात असला की यातला एखादा धागा सुटतो. यालाच डिसोसिएशन म्हणतात. हालचालीचा सुटला तर झटके येतात किंवा पाय लुळा पडतो, आवाज बसतो. आठवणीचा सुटला तर काही तास किंवा काही वर्षं पुसली जातात. भानाचा सुटला तर माणूस तंद्रीत जातो, अंगात येतं. 'मी'चा सुटला तर स्वतःचे हात परके वाटतात. सौम्य रूपात हे सगळ्यांना होतं: पलासियाहून राजवाड्यापर्यंत स्कूटर चालवत आलो आणि मधला रस्ता आठवतच नाही. तो आजार नव्हे. वारंवार, आपल्या इच्छेविना होऊ लागलं, शाळा-नोकरी-संसार अडायला लागला आणि शरीरात दुसरं कारण सापडलं नाही, तर आजार.

हे ठरवून केलेलं नसतं, हे पटवायला न्यूरॉलॉजिस्टची एक साधी तपासणी बघण्यासारखी आहे. पाय हलत नाही म्हणणाऱ्या माणसाला उताणं झोपवून डॉक्टर त्या पायाच्या टाचेखाली तळहात ठेवतात. 'टाच खाली दाबा' म्हटलं की जोर लागत नाही. मग म्हणतात, 'दुसरा, चांगला पाय वर उचला,' आणि वरून हाताने विरोध करतात. त्याच क्षणी लुळ्या टाचेचा दाब तळहातावर येतो. तिला हूवरची खूण म्हणतात. नस आणि स्नायू शाबूत आहेत, पण 'दाबा' असा सरळ हुकूम दिला की तो पोचत नाही. लक्ष दुसऱ्या पायाकडे गेलं की आपोआप पोचतो. चांगले डॉक्टर ही खूण रुग्णालाच दाखवतात, 'बघा, पायात ताकद आहे, ती परत आणता येईल' असं सांगत. वाईट पद्धतीने दाखवली तर तीच 'पकडलं तुला' अशी होते आणि रुग्ण पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही.

पहिली पायरी: झटका चालू असताना

निदान पक्कं होईपर्यंत प्रत्येक झटका मिरगीचा समजूनच वागायचं. आधी घड्याळ बघा. आजूबाजूचं स्टूल, सुरी, गरम भांडं दूर करा, डोक्याखाली घडी केलेली ओढणी ठेवा, हालचाली थांबल्या की कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या वर गेला, एकामागून एक आले, श्वास अडखळला, बाई गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली असली किंवा डोक्याला मार लागला असला, तर १०८.

न करण्याच्या गोष्टी आपल्याकडे जास्त केल्या जातात. दातखीळ उघडायला चमचा घातला की दात तुटतो किंवा हिरडी फाटते. पाणी पाजलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. चप्पल हुंगवणं, कांदा फोडणं, चिमटे काढणं, छातीच्या हाडावर मुठीने रगडणं यातून काहीही सिद्ध होत नाही. शुद्धीवर आल्यावर अंगावरचे वळ मात्र त्या माणसाला दिसतात, आणि घरच्यांवरचा भरवसा उडतो.

दुसऱ्या कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. आमच्या मते चांगला दोन मिनिटांचा व्हिडिओ घाईघाईत काढलेल्या एमआरआयपेक्षा जास्त बोलतो. आधी पूर्ण शरीर दिसेल असं दुरून घ्या, मग चेहऱ्याजवळ या, डोळे दिसले पाहिजेत. झटका थांबल्यावरही एक मिनिट चालू ठेवा, कारण नंतरचा श्वास आणि पहिलं बोलणं यातही माहिती असते. तो व्हिडिओ डॉक्टरांसाठी आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही.

डॉक्टर त्यात काय बघतात? मिरगीच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, डिसोसिएटिव्ह झटक्यात घट्ट मिटलेले, आणि पापणी उघडायला गेलं तर विरोध होतो. मिरगीत आधी शरीर ताठ होतं, मग तालात झटके बसतात आणि ते हळूहळू विरळ होतात; सगळा खेळ साधारण एक ते तीन मिनिटांचा. डिसोसिएटिव्ह झटका दहा-पंधरा मिनिटंही चालतो, मधेच थांबतो, पुन्हा सुरू होतो, हातपाय वेगवेगळ्या तालात हलतात, डोकं 'नाही नाही' म्हणावं तसं डावी-उजवीकडे जातं, मधे किंवा शेवटी रडू येतं. जिभेची कड चावलेली असेल, ओठ निळे पडले असतील, नंतर घोरल्यासारखा जड श्वास आणि बराच वेळ गुंगी असेल, तर पारडं मिरगीकडे झुकतं. लघवी होण्यावरून फारसं ठरवू नये, ती दोन्हींत होऊ शकते.

यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही. मेंदूच्या पुढच्या भागातून उठणारी मिरगी विचित्र हातवारे करवते आणि ती बघून अनुभवी माणूसही 'हे नाटक' म्हणून फसतो; ती सहसा थोडक्यात आटपते आणि झोपेतून उठवते. काही जणांना दोन्ही प्रकारचे झटके असतात. एक ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल आला म्हणून मिरगी नाही असंही होत नाही, कारण तपासणी अर्ध्या तासाची आणि झटका महिन्यातून एकदा. शंका उरली तर व्हिडिओ ईईजी करतात: कॅमेरा आणि ईईजी एकाच वेळी चालू ठेवून झटका त्यात पकडायचा. निदानाची सर्वांत भक्कम तपासणी तीच.

दुसरी पायरी: शरीर तपासून घेणं

मनाचा आजार म्हणण्याआधी रक्तातली साखर, सोडियम, थायरॉइड, बी-१२ आणि ईसीजी बघून घ्यावं. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता इतकी सर्रास असते की ती वगळू नये. ईसीजी का, असं विचारतात. धावताना किंवा जिना चढताना कोसळणाऱ्या मुलाला हृदयाच्या ठोक्यांचा दोष असू शकतो, आणि तो चुकला तर जीव जातो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं काही झालं, सोबत ताप असला, रोजची दारू अचानक सोडल्यावर झालं, तर थेट रुग्णालय गाठा. चेहऱ्याची एक बाजू पडली आणि हात उचलत नसला तर चर्चाच नको. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते.

उलट चूकही तितकीच होते. दोन नॉर्मल एमआरआय झाल्यावर तिसरा, मग मुंबई, मग चौथा. प्रत्येक तपासणीबरोबर 'काहीतरी मोठं सापडायचं राहिलंय' ही भीती वाढते आणि झटकेही वाढतात. एकदा नीट, मग थांबा.

तिसरी पायरी: वही

तीन-चार आठवडे एकाच माणसाने एकाच वहीत लिहावं. नोंद अशी हवी:

'मंगळवार, संध्याकाळी ७.१०, स्वयंपाकघर. ६.५५ला सासरहून फोन. दुपारी जेवण नाही, रात्री चार तास झोप. आधी बोटांना मुंग्या, घसा आवळला. ओट्याला धरून खाली बसली, आपटली नाही. डोळे मिटलेले. १४ मिनिटं, मधे दोनदा थांबून पुन्हा. मग रडली. जीभ चावली नाही. म्हणाली, हाका ऐकू येत होत्या पण तोंड उघडत नव्हतं.'

आणि अशी नको: 'सासूचा फोन आला म्हणून पुन्हा तेच सुरू केलं.' पहिल्या नोंदीतून डॉक्टरांना झटक्याआधीची पंधरा मिनिटं हाती लागतात. पुढचा सगळा उपचार त्या पंधरा मिनिटांत आहे: मुंग्या आल्या की काय करायचं, हे तिला शिकवता येतं. दुसरीतून घरच्यांचा राग कळतो, एवढंच. पाळी, उपास, जागरण, कोण घरी होतं आणि कोण नव्हतं, हेही लिहा. झटका माणसं असतानाच येतो म्हणून तो खोटा, हा निष्कर्ष काढू नका.

काचेपलीकडचं जग

झटके सगळ्यांना दिसतात. एक प्रकार मात्र घरच्यांच्या नजरेसमोर वर्षभर चालतो आणि कळत नाही: डीपर्सनलायझेशन आणि डीरिअलायझेशन, म्हणजे आपणच आपल्याला परके वाटणं आणि भोवतालचं जग खरं न वाटणं. सुरुवात बहुधा सोळाच्या आसपास. भंवरकुआँच्या कोचिंगमधलं पोर वर्गात बसलेलं असतं, उत्तरंही देतं, पण त्याला आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, आरशातला चेहरा ओळखीचा पण आपला नाही असा, रस्ता सिनेमाच्या पडद्यासारखा सपाट. आईला मिठी मारली तरी आत काही हलत नाही, आणि याचीच त्याला सर्वांत जास्त भीती वाटते.

तो दवाखान्यात जाऊन म्हणतो, 'कसंतरीच होतं.' हिंदीत त्याचं 'घबराहट' किंवा 'चक्कर' होतं आणि हातात व्हिटॅमिनची किंवा ॲसिडिटीची गोळी पडते. म्हणून शब्द नेमके वापरा. हिंदीत सांगायचं तर: 'मुझे अपना शरीर अपना नहीं लगता', 'सब कुछ काँच के पार दिखता है', 'पता है कि यह सच है, पर सच लगता नहीं'. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. हे खरं नाही असं 'वाटतंय', पण खरं आहे हे 'माहीत' आहे, इथेच हा त्रास भ्रमाच्या आजारापासून वेगळा होतो. 'मी वेडा होतोय' ही भीती असते; ती असणं हे वेड लागल्याचं लक्षण नाही.

चिंता, पॅनिकचा झटका, सलग जागरण आणि गांजा-भांग ही नेहमीची कारणं. इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीत, गेरमध्ये, घेतलेल्या भांगेचा अंमल तासाभराने चढतो. 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा ग्लास घेतला जातो आणि मग दोन्ही मिळून चढतात. बहुतेकांचं दुसऱ्या दिवशी उतरतं. एखाद्याची भांग उतरते, परकेपणा उरतो.

हा परकेपणा टिकून राहतो तो स्वतःला सारखं तपासत राहण्यामुळे. आरशात बघणं, हाताला चिमटा काढणं, 'आता खरं वाटतंय का' असं दर दहा मिनिटांनी स्वतःला विचारणं, रात्री दोनला मोबाइलवर लक्षणं वाचणं. दर तपासणी मेंदूला सांगते की धोका अजून आहे. उपचारात ही तपासणी मोजून कमी करतात: दिवसाला चाळीस वेळा तर या आठवड्यात वीस.

भानावर आणणारा सराव सोपा आहे, पण तो बरं वाटत असताना करायचा. रोज दोनदा, तीन-तीन मिनिटं, दोन आठवडे. डोळे उघडे. तळपाय फरशीवर दाबा. समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, चार गोष्टींना हात लावा, तीन आवाज, दोन वास, एक चव. वासासाठी जिरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, लहान डबी खिशात ठेवावी. काळं मीठ, हिंग आणि जिऱ्याचा तो तिखट दरवळ नाकात गेला की माणूस थेट पोह्यांच्या ठेल्यासमोर येतो. अत्तर चालतं, पण जिरावण जास्त धारदार. झटक्याआधीच्या मुंग्यांनाही हाच सराव लागू पडतो.

चूक कुठे होते? पहिल्यांदाच करायला घेतात ते ऐन त्रासात, आणि लागू पडलं नाही म्हणून सोडतात. दुसरी चूक म्हणजे डोळे मिटून ध्यान. एरवी चांगली गोष्ट, पण या त्रासात कित्येकांचा परकेपणा तिने वाढतो.

अंगात येणं

नवरात्रात देवीसमोर अंगात येतं, आरती संपली की बाई उठून प्रसाद वाटायला लागते. माळव्यात त्याला भाव येणं म्हणतात. तो आजार नाही, आणि आयसीडी-११ही तसं मानत नाही. देवळाबाहेर, तिची इच्छा नसताना, आठवड्यातून तीनदा येऊ लागलं आणि संसार मोडायला लागला, तर तो आजार.

अशा वेळी 'तू कोण? काय पाहिजे?' अशी उलटतपासणी करू नका. प्रश्नांनी त्या रूपाला आणखी आकार येतो. वादही घालू नका. तिचं नाव घेऊन, संथ आवाजात, ती कुठे आहे, कोणता वार आहे, शेजारी कोण बसलंय एवढं सांगत राहा. एरवी तोंडातून न निघणारं काही ती या अवस्थेत बोलते. ते ऐकून ठेवा आणि दोन दिवसांनी, ती ठीक असताना, त्या विषयावर शांतपणे बोला. मिरचीची धुरी, मारहाण, साखळी यांना कशातच जागा नाही. मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळीने बांधायला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मनाई करतो. घरातल्यांना देवदर्शनाला जायचंच असेल तर जावं. गोळ्या आणि डॉक्टरची तारीख मात्र चुकवायची नाही, आणि निर्जळी उपास व जागरण तिला करू देऊ नये.

आठवणीचा धागा

मोठ्या धक्क्यानंतर स्वतःच्या आयुष्यातले ठरावीक तास किंवा दिवस आठवणीतून जातात. नवीन गोष्ट लक्षात ठेवता येते, हिशेब येतो, स्वयंपाक येतो. क्वचित माणूस घर सोडून निघतो आणि दुसऱ्या गावात 'मी कोण' सांगू शकत नाही. बेपत्ता झाल्याची तक्रार ताबडतोब द्या, २४ तास थांबण्याचा कुठलाही नियम नाही. सोबत ताजा फोटो आणि डॉक्टरांचा कागद. परत आल्यावर प्रश्नांचा भडिमार नको. आठवणी ओढून काढायला गेलं की खऱ्यात खोट्याची भेसळ होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस काही तास 'मी इथे कसा आलो' हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर ते सहसा वेगळं असतं, आणि त्याला त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टकडे न्यावं.

अनेक व्यक्तिमत्त्वं

एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं वावरतात, असा हा प्रकार. सिनेमात सर्वांत जास्त, दवाखान्यात सर्वांत कमी. मुळाशी बहुधा लहानपणी वारंवार झालेला छळ असतो. मराठीत या आजाराचा घोटाळा शब्दांनी केला आहे: स्किझोफ्रेनियाला आपण 'छिन्नमनस्कता' म्हणतो, म्हणून लोक त्यालाच 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' समजतात. दोन्ही वेगळे आजार, उपचारही वेगळे. चाचणीसाठी २८ प्रश्नांची डिसोसिएटिव्ह एक्स्पीरियन्सेस स्केल ही १९८६ पासून वापरात असलेली प्रश्नावली आहे. सरासरी गुण १००पैकी ३०च्या पुढे गेले तर सविस्तर मुलाखत घ्यावी, इतकाच तिचा अर्थ. मोबाइलवर ती भरून स्वतःला नाव चिकटवू नका.

उपचार आणि ठिकाणं

डिसोसिएशनची अशी गोळी नाही. सोबतचं नैराश्य, चिंता, झोप यांवर औषधं मिळतात. मूळ काम बोलण्याच्या उपचाराचं, आठवड्याला एक बैठक, पाऊण ते एक तास. आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग आघातावर काम, मग रोजचं आयुष्य पुन्हा उभं करणं. पहिल्याच बैठकीत 'लहानपणी काय झालं ते सगळं सांगा' म्हणणारा समुपदेशक घाई करतोय. स्थैर्याआधी जखम उघडली की झटके वाढतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

मिरगीच्या गोळ्या चालू असतील आणि आता निदान बदललं असेल, तरी त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत; अचानक थांबवल्या तर खरा झटका येऊ शकतो. डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात.

इंदूरमध्ये एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, आणि बाणगंगेचं मानसिक रुग्णालयही. 'बाणगंगा' या शब्दाला गावात जो वास चिकटलाय त्यामुळे लोक जायचं टाळतात. ज्यांना तो जड वाटतो त्यांनी एमवायपासून सुरुवात करावी. कुठेच जाणं जमत नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६: ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट. आरोग्य विम्याबद्दल: २०१७च्या कायद्यानुसार कंपनीला मानसिक आजारही शारीरिक आजारांच्याच धर्तीवर धरावा लागतो.

घरात मारहाण किंवा लैंगिक छळ चालू असेल तर कुठलाही सराव पुरणार नाही, आधी तो थांबला पाहिजे. हेल्पलाइन बाईसाठी १८१, मुलासाठी १०९८. मरण्याचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत.

घरच्यांचं रोजचं काम उलटं आहे. झटक्यात दहा जण धावतात आणि ठीक असताना कुणी बोलत नाही, ही घडी पालटायची. झटक्यात एकच माणूस जवळ, बाकीचे बाहेर, पंख्याखाली गर्दी नाही. ठीक असताना रोज वीस मिनिटं तिच्यासोबत, आजाराचा विषय न काढता. पहिले काही आठवडे झटके वाढल्यासारखे वाटू शकतात. तिथेच बरीच घरं कंटाळून जुन्या वळणावर जातात. झटके आटोक्यात येईपर्यंत गाडी चालवणं, पोहणं आणि गच्चीच्या कठड्यापाशी एकटं उभं राहणं बंद. न्हाणीघराची आतली कडी लावू नये.

निदान पक्कं झालं की पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवा. कॅज्युअल्टीत डिसोसिएटिव्ह झटक्याला मिरगीची इंजेक्शनं एकामागून एक दिली जातात, आणि त्यांनी श्वास मंदावू शकतो. शहर हिंदी वाचतं, म्हणून चिठ्ठी हिंदीत, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह:

'मुझे डिसोसिएटिव दौरे आते हैं, जाँच हो चुकी है। दौरा अक्सर ___ मिनट में अपने आप रुकता है। मुँह में कुछ न डालें, भीड़ न करें, मुझे करवट पर लिटाएँ। साँस में तकलीफ़ हो, होंठ नीले पड़ें, चोट लगे या दौरा हमेशा से अलग दिखे तो 108 बुलाएँ। इंजेक्शन से पहले मेरे डॉक्टर से बात करें: ___ घर का नंबर: ___'